शिट्टी वाजली की थांबणारा नायक



आज आपण अशा पुस्तकांविषयी बोलणार आहोत, जी आपल्यापैकी बहुतेकींनी कधी हातातही घेतलेली नाहीत. ती इंग्रजीत आहेत आणि अमेरिका, कॅनडा, इंग्लंड या देशांतल्या बायका ती मोठ्या आवडीने वाचतात. त्यांना तिकडे ‘स्पोर्ट्‌स रोमान्स’ म्हणतात. म्हणजे खेळाडूंच्या प्रेमकथा. नायक कधी अमेरिकी फुटबॉल खेळतो, कधी बेसबॉल. अलीकडे तो बहुतेक वेळा बर्फावरची हॉकी खेळतो.

बर्फावरची हॉकी म्हणजे काय, ते आधी सांगतो. गोठवलेल्या बर्फाचं गुळगुळीत मैदान असतं. खेळाडूंच्या बुटांना खाली धारदार पाती असतात. चेंडूच्या जागी रबराची चपटी चकती असते. खेळ अतिशय वेगाचा आणि धक्काबुक्कीचा. एकमेकांना अंगाने धडक देणं नियमात बसतं. कधी तर हातमोजे टाकून मैदानातच मारामारी होते. मग पंच शिट्टी फुंकतो आणि मारामारी करणाऱ्याला पाच मिनिटं बाहेर, एका काचेच्या खोपटात नेऊन बसवतो. सगळ्या लोकांसमोर.

असा हा दांडगा खेळ आणि त्यातला दांडगा पुरुष बायकांच्या प्रेमकथांचा नायक कसा झाला? त्या कथा एवढ्या का वाचल्या जातात? तुम्ही म्हणाल, आम्हाला त्याचं काय? पण या पुस्तकांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर त्यात दोन गोष्टी सापडतात, त्या आपल्याही घरातल्या आहेत. एक, बाईला स्वतःसाठी तासभर मिळणं. दुसरी, तिला कुणीतरी विचारणं.

बाईने वाचलं की कुणाला तरी त्रास होतो, हे आपल्याला नवीन नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी रमाबाईंना शिकवायला घेतलं तेव्हा घरातल्या बायकांनीच त्यांना किती टोमणे मारले, ते रमाबाईंनी १९१० साली छापलेल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. प्रेमकथांच्या वाट्याला तर आणखी नाराजी. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ च्या एका दिवाळी अंकात आली आणि ती अश्लील आहे म्हणून खटला झाला. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली न्यायालयाने सांगितलं, ही कथा अश्लील नाही. पुढे शैलजा राजे, योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर यांच्या कादंबऱ्या गावोगावच्या वाचनालयांतून बायकांनी वाचल्या. तरी ‘बायकी कादंबऱ्या’ म्हणून नाक मुरडणारे होतेच. इंग्रजी प्रेमकथांचंही तसंच झालं. जे बायका आवडीने वाचतात ते हलकं, असं जगभर धरून चालतात.

आता मूळ कथेकडे येऊ.

१९०८ साली लंडनमध्ये जेरल्ड मिल्स आणि चार्ल्स बून या दोघांनी पुस्तकं छापण्याची कंपनी काढली. नाव दोघांच्या आडनावांवरून, मिल्स अँड बून. सुरुवातीला ते सगळ्याच प्रकारची पुस्तकं छापत. पण इंग्लंडमध्ये तेव्हा दोन पेनीला पुस्तक भाड्याने देणारी दुकानं निघाली होती. दोन पेनी म्हणजे अगदी चिल्लर पैसे. तिथे बायका कोणती पुस्तकं पुन्हा पुन्हा नेतात, हे कंपनीने पाहिलं. १९३० नंतरच्या काळात तिने बाकीचं बाजूला ठेवून प्रेमकथांवरच भर दिला. तपकिरी बांधणीची ही पुस्तकं कामाला जाणाऱ्या मुली आणि घर सांभाळणाऱ्या बायका भाड्याने नेऊ लागल्या.

इकडे कॅनडात विनिपेग शहरात १९४९ साली हार्लेक्विन नावाची दुसरी कंपनी निघाली. १९५७ पासून ती मिल्स अँड बूनच्या कथा कॅनडात छापू लागली. त्यांतल्या पहिल्या बऱ्याच कथा डॉक्टर आणि नर्स यांच्या होत्या. १९७१ साली हार्लेक्विनने मिल्स अँड बूनच विकत घेतली. त्याच सुमारास लॉरेन्स हेसी नावाचे गृहस्थ हार्लेक्विनचे प्रमुख झाले. ते आधी साबण बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत विक्रीचं काम पाहत. त्यांनी साधा विचार केला. पुस्तकांच्या दुकानात बायका कमी जातात, किराणा घ्यायला मात्र रोज जातात. मग पुस्तक तिथेच ठेवू. अमेरिकेच्या किराणा दुकानांत पाव, दूध आणि साबणाच्या शेजारी प्रेमकथा दिसू लागल्या. घरखर्चाच्या पैशांतून एक पुस्तक निघायला लागलं. तो खर्च वेगळा दाखवायचा नाही, कुणाला विचारायचा नाही. आपल्यापैकी ज्यांनी किराणातून दहा-वीस रुपये बाजूला काढले आहेत त्यांना यातलं मर्म लगेच कळेल.

पण त्या काळातला नायक कसा होता? तो श्रीमंत असे, वयाने मोठा, रागीट. बोलायचा कमी. नायिका त्याच्या हाताखाली काम करणारी किंवा त्याच्या आसऱ्याला आलेली. १९७२ साली अमेरिकेत कॅथलीन वुडिविस यांची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ ही कादंबरी आली. ती प्रचंड खपली आणि तशा कादंबऱ्यांची लाट आली. त्या कथेत नायक सुरुवातीलाच नायिकेवर जबरदस्ती करतो आणि शेवटी तिला त्याच्याविषयी प्रेम वाटतं. आज हे वाचून अंगावर काटा येतो. ‘तिच्या मनात होतंच, ती फक्त नाही म्हणत होती’, हा खोटा समज अशा कथांनी पसरवला, ही टीका खरी आहे. ती बाजूला सारून पुढे जाता येणार नाही.

मग बायका ती पुस्तकं का वाचत होत्या? हे कुणी त्यांनाच जाऊन विचारलं का?

विचारलं. जॅनिस रॅडवे नावाच्या अमेरिकी अभ्यासक बाईंनी. मध्य अमेरिकेतल्या एका गावातल्या चाळीसएक वाचक बायकांना त्यांनी गाठलं. बहुतेक लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या. तिथे पुस्तकांच्या दुकानात काम करणारी एक बाई होती. कोणती प्रेमकथा चांगली आणि कोणती पैसे वाया घालवणारी, हे ती या बायकांना सांगायची. गावाचं आणि त्या बाईचं खरं नाव रॅडवे यांनी छापलं नाही. १९८४ साली त्यांचं ‘रीडिंग द रोमान्स’ हे पुस्तक आलं.

रॅडवे यांना वाटलं होतं, बायका नायकाविषयी बोलतील. पण कथेत काय आहे, याच्या आधी त्या वाचण्याविषयी बोलू लागल्या. पुस्तक उघडलं की तो वेळ माझा, असं त्यांचं म्हणणं होतं. घरात सगळ्यांना समजतं, आता आई वाचते आहे, तिला हाक मारायची नाही. दिवसभर नवऱ्याचं, मुलांचं, म्हाताऱ्यांचं बघायचं. आणि माझं बघणारं कोण? तर कुणी नाही. रॅडवे यांनी यातून असं मांडलं की सगळ्यांना जोजवणाऱ्या बाईला स्वतःला जोजवून घ्यायची जागा घरात सापडत नाही, ती तिला पुस्तकात सापडते. अनेकींच्या नवऱ्यांना हे वाचन आवडत नव्हतं, हेही त्यांनी नोंदवलं. आणि एक महत्त्वाची गोष्ट. या बायकांना जबरदस्तीच्या कथा नको होत्या. क्रूर नायक त्यांना आवडत नव्हता. हुशार नायिका आणि तिची काळजी घेणारा, तिला जपणारा पुरुष त्यांना हवा होता. बाजारात मिळत होतं ते त्या घेत होत्या, पण निवडून, पारखून.

रॅडवे यांनी दुसरी बाजूही सांगितली. पुस्तक मिटल्यावर घर तसंच राहतं. काळजी घेणारा पुरुष कागदावर भेटला म्हणून घरातली भांडी कमी होत नाहीत. उलट कागदावर समाधान मिळालं की खऱ्या घरात मागणं राहून जातं. या दोन्ही बाजू पुढे उपयोगी पडतील, लक्षात ठेवा.

आता खेळाच्या मैदानावर जाऊ. कारण खेळाडूंच्या प्रेमकथा निघायच्या आधी अमेरिकेत बायकांना मैदानात शिरण्यासाठी झगडावं लागलं.

ज्या १९७२ साली ती जबरदस्तीची कादंबरी आली, त्याच साली अमेरिकेत एक कायदा झाला. त्याला ‘टायटल नाइन’ म्हणतात. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांत मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो पुढे नेणाऱ्यांत पॅट्सी मिंक या खासदार होत्या. त्या हवाईच्या, जपानी वंशाच्या. तरुणपणी त्यांना डॉक्टर व्हायचं होतं, पण वैद्यकीय कॉलेजांनी प्रवेश नाकारला होता. कायद्यात खेळाचं नावही नव्हतं. पण खेळ हा शाळेचाच भाग, म्हणून मुलींना मैदानं, शिक्षक आणि पैसा देणं भाग पडलं. १९७१-७२ मध्ये अमेरिकेच्या हायस्कुलांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांहून कमी होत्या. आज तो आकडा तीस लाखांच्या वर आहे. मिंक २००२ साली वारल्या, त्यानंतर त्या कायद्याला त्यांचं नाव दिलं गेलं.

दुसरी लढाई दाराची होती. मेलिसा लुडके या खेळांविषयी लिहिणाऱ्या तरुण पत्रकार. १९७७ साली न्यूयॉर्कमध्ये बेसबॉलचे अंतिम सामने चालू होते. सामना संपला की पत्रकार खेळाडूंच्या खोलीत जाऊन त्यांच्याशी बोलत आणि बातमी लिहीत. लुडके यांना दारातच अडवलं. कारण काय, तर आत पुरुष कपडे बदलतात. बरोबरीचे पुरुष पत्रकार आत, आणि या बाहेर ताटकळत. त्या आणि त्यांची कंपनी न्यायालयात गेल्या. १९७८ साली न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांनी निकाल दिला की त्यांना असं बाहेर ठेवणं बेकायदा आहे. खेळाडूंना आडोसा हवा असेल तर पडदा लावता येतो, टॉवेल गुंडाळता येतो. मॉटली या अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश होत्या. बंद दार म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.

ही दारं उघडल्यावर आलेल्या खेळाडूंच्या काही प्रेमकथा याच दारांविषयी होत्या.

सुझन एलिझाबेथ फिलिप्स या लेखिकेने १९८९ साली गोल्फ खेळणाऱ्या नायकाची ‘फॅन्सी पॅन्ट्स’ ही कादंबरी लिहिली होती. १९९४ साली त्यांची ‘इट हॅड टू बी यू’ आली. त्यात फीबी नावाच्या तरुणीच्या गळ्यात वडिलांच्या मागे शिकागोचा एक आख्खा फुटबॉल संघ पडतो. तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही. सगळे तिला डोकं नसलेली बाहुली समजतात. संघाचा प्रशिक्षक डॅन तिला मोजतच नाही. पण मालकीण ती आहे. ती शिकते, निर्णय घेते आणि प्रशिक्षकाला तिचं ऐकावं लागतं. पूर्वी नायिका नायकाच्या हाताखाली असायची. आता नायकाचा पगार नायिका देते! वडिलांच्या मागे जमीन किंवा दुकान सांभाळायला उभी राहिलेली बाई आपण पाहिली आहे. ‘तुला काय कळतं’ हे वाक्य तिने किती वेळा ऐकलेलं असतं, तेही आपल्याला माहीत आहे.

१९९८ साली रेचल गिब्सन यांनी ‘सिम्प्ली इर्रेझिस्टिबल’ लिहिली आणि सिएटल शहरातला बर्फावरच्या हॉकीचा एक काल्पनिक संघ उभा केला. त्याच संघावर २००३ साली त्यांची ‘सी जेन स्कोअर’ आली. तिची नायिका जेन पत्रकार आहे. संघाबरोबर फिरून बातम्या द्यायचं काम तिला मिळतं. खेळाडूंना ती नको असते. बाई सोबत आली म्हणजे अपशकुन, अशी त्यांची समजूत. सामना हरले की खापर तिच्यावर. लुडके यांना दारात अडवल्याला तेव्हा पंचवीसएक वर्षं झाली होती. न्यायालयातली गोष्ट अशी प्रेमकथेत आली. २०१० पासून फेरा रोशॉन या लेखिकेने न्यूयॉर्कच्या फुटबॉल संघावर कथामाला लिहिली. त्यांचे नायक-नायिका कृष्णवर्णीय आहेत. ज्या खेळात निम्म्याहून जास्त खेळाडू कृष्णवर्णीय, त्या खेळाच्या प्रेमकथांत मात्र बराच काळ गोरेच नायक होते. तेही असं हळूहळू बदलू लागलं.

२००७ साली ॲमेझॉन कंपनीने पुस्तक वाचायचं यंत्र बाजारात आणलं आणि लेखकाने स्वतःच पुस्तक टाकून विकायची सोयही केली. आता छापणाऱ्या कंपनीची परवानगी लागत नव्हती. वाचणारीच लिहिणारी झाली. शिवाय यंत्रावर मुखपृष्ठ दिसत नाही, त्यामुळे बसमध्ये शेजारच्याला आपण काय वाचतो ते कळत नाही.

या वाटेने २०१५ साली कॅनडाच्या एल केनेडी यांची ‘द डील’ आली. नायिका हॅना ही कॉलेजात संगीत शिकते. तिच्यावर शाळेत असताना अत्याचार झालेला आहे. नायक गॅरेट हा कॉलेजच्या हॉकी संघाचा कप्तान. त्याचे वडील मोठे नावाजलेले खेळाडू. जगाला हिरो, पण घरात हात उगारणारे. गॅरेटच्या मनात एकच भीती आहे, मीही बापासारखा झालो तर? मारहाण करणाऱ्या बापाचा मुलगा ही साखळी तोडतो का, हा प्रश्न एका हलक्याफुलक्या म्हणवल्या जाणाऱ्या पुस्तकात आला आहे. आणि हॅनाला हात लावण्याआधी तो विचारतो. ती थांब म्हणाली की थांबतो.

मग २०२२ साली मँचेस्टरच्या हॅना ग्रेस यांनी ‘आइसब्रेकर’ लिहिली, तीही आधी स्वतःच प्रसिद्ध केली. टिकटॉकवर वाचक मुलींनी तिचं एवढं नाव केलं की पुढच्या वर्षी मोठ्या कंपनीने ती छापली. आपल्याकडे टिकटॉक २०२० मध्येच बंद झालं, पण तिकडे पुस्तकांविषयी बोलणाऱ्या बायकांचा तो मोठा कट्टाच झाला. या कथेत ॲनास्टेशिया बर्फावर नृत्य करणारी खेळाडू आहे. म्हणजे आता नायिका प्रेक्षकांत नाही, दारात नाही, मालकिणीच्या खुर्चीतही नाही. ती स्वतः मैदानात आहे. हॉकीच्या संघाचं मैदान खराब झाल्यामुळे त्यांना तिच्या मैदानात वाटा घ्यावा लागतो आणि भांडणाला सुरुवात होते.

या पुस्तकातली एक गोष्ट आम्हाला फार लागली. ॲनास्टेशियाचा नृत्यातला जोडीदार तिचं खाणं ठरवतो. वजन वाढू नये म्हणून तिला मोजून खायला लावतो. ती अर्धपोटी सराव करते आणि तिला वाटतं, हेच बरोबर आहे. नायक नेट हे हेरतो. तू पुरेसं खात नाहीस, असं तो तिला सांगतो.

मैत्रिणींनो, सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर भांड्याच्या तळाशी उरलेलं खाणाऱ्या आपण. ‘तू जेवलीस का?’ हे आपल्याला कोण विचारतं? अमेरिकेतली एवढी मोठी खेळाडू मुलगी आणि तिच्याही कथेत वाचकांना भावतं ते हे. राजवाडा, मोटार, दागिना नाही. कुणीतरी तिच्या ताटाकडे पाहिलं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. यासाठी खेळाडूच का? शिक्षक, शेतकरी, दुकानदार काळजी घेऊ शकत नाहीत का?

आम्हाला याची तीन कारणं दिसतात. पहिलं, खेळाडूचं मोठेपण बापजाद्यांकडून आलेलं नसतं. जुना नायक जमीनदार असायचा. खेळाडू पहाटे उठून घाम गाळून मोठा होतो, आणि तो किती पाण्यात आहे ते सगळ्यांना दिसतं. दुसरं, त्याला संघ असतो. घरासारखा गोतावळा असतो, एकमेकांची चेष्टा असते, आणि प्रत्येक सोबत्याची पुढे वेगळी कथा निघते. गावच्या कबड्डी संघासारखंच. शिवाय त्याला दुखापत होते. सगळ्यात ताकदवान माणूस एक दिवस लंगडत घरी येतो आणि त्यालाही आधार लागतो.

तिसरं कारण आम्हाला सगळ्यात मोठं वाटतं. खेळाडूला नियमात राहायची सवय असते. बाईला पुरुषाच्या ताकदीची ओढही वाटते आणि भीतीही वाटते. रस्त्यावर, शेतावर, घरात ती ताकद कधी उलटेल सांगता येत नाही. मैदानात मात्र पंच असतो, रेषा असते, शिट्टी असते. कितीही दांडगा असो, शिट्टी वाजली की थांबायचं. नाही थांबला तर सगळ्यांसमोर जाऊन बाहेर बसायचं. या नव्या कथा तोच नियम घरात आणतात. तिथे शिट्टी बाईच्या हातात असते. ती ‘नको’ म्हणाली की खेळ थांबतो, आणि थांबला म्हणून नायक लहान होत नाही. १९७२ च्या कादंबरीपासून इथपर्यंत यायला चाळीसहून जास्त वर्षं लागली. वाचणाऱ्या बायकांनी क्रूर नायक नाकारला, नव्या लेखिकांनी लेखणी उचलली, तेव्हा हे झालं.

हे सगळं गोडच आहे असं मात्र नाही. खऱ्या मैदानावरचे सगळेच खेळाडू असे नसतात, हे आपल्याला बातम्यांतून माहीत आहे. पुस्तकातला पुरुष बाईने लिहिलेला असतो, तो तिला हवा तसा वागणारच. आणि नियम दोन्हीकडून पाळावा लागतो. २०२३ साली अमेरिकेत सिएटलच्या खऱ्या हॉकी संघाने या वाचक मुलींना आपल्याकडे ओढण्यासाठी जाहिरात सुरू केली. काही जणी खऱ्या खेळाडूंच्या शरीराविषयी उघडउघड अचकट-विचकट लिहू लागल्या. एका खेळाडूच्या घरच्यांनी हरकत घेतली, खेळाडूनेही घेतली, आणि संघाने ते सगळं काढून टाकलं. हरकत योग्यच होती. पुस्तकातल्या माणसाला आपण हवं ते म्हणू शकतो, जिवंत माणसाला नाही. आपल्या मुलींविषयी कुणी तसं बोललेलं आपल्याला चालत नाही, मग मुलग्यांविषयीही चालू नये.

आणखी एक. कॅनडाच्या रेचल रीड यांनी २०१९ साली ‘हीटेड रायव्हलरी’ लिहिली. त्यात एकमेकांविरुद्ध खेळणाऱ्या दोन पुरुष खेळाडूंचंच एकमेकांवर प्रेम आहे आणि भीतीपोटी ते वर्षानुवर्षं लपवतात. ती वाचणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत. मन मारून लपून जगणं काय असतं, हे बायकांना समजावून सांगावं लागत नाही.

रॅडवे यांनी सांगितलेली दुसरी बाजू आता आठवा. पुस्तक मिटलं की घर तसंच राहतं. हे खरं आहे. पण वाचणाऱ्या बायकांनी एकट्याने मिटलेलं पुस्तक पुढे एकमेकींसमोर उघडलं, असंही झालं. लॉस एंजेलिसजवळ २०१६ साली दोन बहिणींनी लोकांकडून वर्गणी जमवून फक्त प्रेमकथांचं दुकान काढलं. ‘द रिप्ड बॉडिस’ त्याचं नाव. तिथे बायका पुस्तक लपवत नाहीत, त्यावर मोकळेपणी बोलतात. काय आवडलं, काय नाही, कोणता नायक दारातही उभा करू नये, ते ठरवतात. आपल्या बचत गटाचं तरी दुसरं काय आहे? एकटीच्या हातात वीस रुपये होते, तेव्हा ते वीसच होते. गटात आले तेव्हा बँकेने दार उघडलं. मनात असलेल्या इच्छेचंही तसंच होतं. एकटीने ठेवली तर ती स्वप्न राहते. चारचौघींत बोललो की मागणं होतं.

आपल्याकडे खो-खो, कबड्डी, कुस्ती खेळणाऱ्या मुली गावागावांत आहेत. त्यांच्यावर प्रेमकथा कुणी लिहिली, तर तिचा नायक कसा असावा? सामन्याला सोडायला येणारा? लग्नानंतरही सराव चालू ठेव म्हणणारा? की ती दमून घरी आली तर स्वतः भात टाकणारा? यादी आपणच करायची आहे.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की अर्धा तास काढा आणि तीन गोष्टींवर बोला. दिवसात स्वतःचा म्हणावा असा वेळ कुणाकुणाला मिळतो, आणि त्या वेळी घरातली हाक थांबते का? ‘नको’ म्हटल्यावर आपल्या घरात खरंच थांबतात का? हे सगळ्यांसमोर बोलवत नसेल तर एखाद्या जवळच्या मैत्रिणीशी बोला, पण बोला. आणि शेवटचं, आज रात्री आपल्या घरात आपल्याला कुणी विचारेल का, जेवलीस का म्हणून? कुणी विचारत नसेल, तर आपल्या मुलाला आजपासून विचारायला शिकवा. आईला विचारायला शिकलेला मुलगा पुढे बायकोलाही विचारेल.

तुमच्या गटात काय बोलणं झालं ते आम्हाला जरूर कळवा.